आधीचं पान

माझ्या आधी आईबाबांना एक मुलगी होती. ती चार वर्षांची असताना घटसर्पाने गेली. त्यानंतर मी जन्मले, आणि आईच्या लेखी ती गेलीच नाही. थोडे दिवस कुठेतरी जाऊन परत आली. परत आली ती म्हणजे मी.

ऐकायला हे गोड वाटतं, पण असं जगून बघा एकदा. मला गाजर आवडत नाही. लहानपणी ताटात गाजर तसंच ठेवून उठले की आई हसायची आणि म्हणायची, "नाटकं करू नकोस, तुला तर किती आवडायचं!" मला कुत्र्यांची भीती नव्हती. त्या पहिल्या मुलीला होती. म्हणून गल्लीत कुत्रं दिसलं की आई मला कडेवर घ्यायची, आणि मी चांगली शाळेत जाणारी घोडी झाले तरी घ्यायची. मैत्रिणी फिदीफिदी हसायच्या. मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करते, त्यामुळे मनातल्या मनात मी स्वतःला दुसरी आवृत्ती म्हणते. पहिली हातोहात संपली, लोकाग्रहास्तव दुसरी काढली, मजकूर तोच. लग्न झालं, मोडलं, मी पुन्हा या घरात राहायला आले, तेव्हासुद्धा आई म्हणाली, "तू कुठेही गेलीस तरी परत येतेस, मला माहीत आहे." आता यावर माणसाने काय बोलायचं?

पण एक सांगितलं पाहिजे. मायेला मी कधी मुकले नाही. बाकीच्या पोरींना एका मुलीची माया मिळते, मला दोघींची मिळाली. मी चिडायचे, पाय आपटायचे आणि ती घ्यायचे.

आमचं घर ख्रिस्ती. आईचे वडील चर्चचे पाळक होते आणि फार कडक होते. माणूस एकदा जन्मतो, एकदा मरतो आणि न्यायाच्या दिवसाची वाट बघत पडून राहतो, हे आईला बाळकडूबरोबर पाजलेलं. पुनर्जन्म हा शब्द तिच्या माहेरी कुणी काढला असता तर आजोबांनी त्याला भरल्या ताटावरून उठवलं असतं. मग अशा घरातली बाई, मेलेली मुलगी पुन्हा पोटी आली असं उघड उघड म्हणते कशी? तर ते बाबांमुळे.

बाबा सेमिनरीत, म्हणजे जिथे पाळक तयार होतात तिथे, सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास शिकवायचे. पहिली आजारी पडली तेव्हा ते लांबच्या शहरात एका ग्रंथालयात जुनी हस्तलिखितं वाचत बसले होते. निरोप मिळाला, निघाले, आणि पोहोचले ते थेट दफनाला. आईने अंथरूण धरलं. आजोबांनी येऊन देवाच्या इच्छेबद्दल सांगितलं, तिने भिंतीकडे तोंड केलं. ती खाईना, बोलेना. डॉक्टरांनी हात टेकले. शेवटी एके दिवशी बाबा तिच्या पायाशी बसले आणि त्या ग्रंथालयात काय वाचलं ते सांगू लागले. दुसरं काही बोलायला त्यांच्याकडे नव्हतंच.

पहिल्या शतकांतल्या एका मठवासी लेखकाचा तो ग्रंथ. बराचसा फाटलेला, पानं गहाळ. त्यात लिहिलं होतं की आत्मा एकदाच येत नाही. अर्ध्यावर गेलेलं लेकरू आपल्या आईला शोधत पुन्हा येतं, त्याच ओटीत येतं, आणि हे ज्ञान आम्हाला पूर्वेकडून आलेल्या साधूंनी दिलं. बाबांच्या डोक्यात आधीपासून हा विचार होताच. पूर्वेची जहाजं त्या काळात पश्चिमेच्या बंदरांना लागायची, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाबा म्हणायचे, "मिरीची पोती ज्या जहाजातून आली त्याच जहाजातून माणसंही आली असणार. आणि माणसं काय तोंड शिवून येतात?" भिक्खूंचे मठ आणि आपले मठ, त्यांचे दृष्टांत आणि आपले दृष्टांत, शत्रूवर प्रेम करा हे इकडेही आणि तिकडेही. सारखेपणा पुष्कळ होता, पुरावा नव्हता. या ग्रंथात त्यांना पुरावा दिसला.

आईने भिंतीकडचं तोंड वळवलं आणि एकच विचारलं, "हे आपलंच आहे का? आपल्या लोकांनी लिहिलंय?"

"आपल्याच लोकांनी," बाबा म्हणाले. "पूर्वेकडून आलं, पण पहिल्या मंडळीने ते आपलं म्हणून घेतलं. पुढे मोठ्या धर्मगुरूंच्या सभा भरल्या आणि त्यांनी काढून टाकलं."

आई उठून बसली आणि तिने पेज मागितली. हा प्रसंग मी इतक्या वेळा ऐकलाय की मी तिथे होते असंच वाटतं. आईच्या मते होतेच. त्यात महत्त्वाचं काय, तर ते "आपलंच आहे का" विचारणं. परक्याच्या धर्मातून उसना घेतलेला दिलासा आजोबांची लेक मरेपर्यंत घेती ना. तिला तो स्वतःच्या प्रभूच्या घरातून हवा होता. पूर्वेची शिकवण पहिल्या ख्रिस्ती लोकांत मिसळली होती की नाही, यावर जगभरातले विद्वान चहा पीत वाद घालतात. आमच्या घरात त्यावर एका बाईचं जेवण अवलंबून होतं.

पुढे मी झाले. पुढे बाबांनी पुस्तक लिहिलं आणि सेमिनरीत वादळ उठलं. समिती बसली, बाबांना म्हणाली, पुनर्जन्माचं ते शेवटचं प्रकरण मागे घ्या. बाबांनी घेतलं नाही. त्यांना शिकवण्यावरून काढून ग्रंथालयात टाकलं. ते म्हणायचे, उंदराला शिक्षा म्हणून धान्याच्या कोठीत कोंडलंय. हसायचे, पण वर्गात शिकवायची त्यांना फार आवड होती आणि तो वर्ग त्यांना पुन्हा कधीच मिळाला नाही. आईला वाटायचं, ते सत्यासाठी सोसताहेत. बाबांना वाटायचं, ते दोन्हींसाठी सोसताहेत, सत्यासाठी आणि तिच्यासाठी, आणि दोन्ही एकच आहे हे आपलं भाग्य.

आता बाबा पार थकलेत. नजरेचा मधला भाग गेलाय, फक्त कडेचं दिसतं. माझ्याकडे बघायचं तर ते माझ्या कानाकडे बघतात. वाचता मुळीच येत नाही. म्हणून संध्याकाळी कामावरून आल्यावर मी त्यांना वाचून दाखवते, तेही छापखान्याच्या पद्धतीने. आमच्याकडे एक जण मोठ्याने वाचतो, दुसरा ऐकत समोरच्या प्रतीवर नजर फिरवतो. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं तोंडाने म्हणायचं. बाबांना तीच सवय लागलीय. विजेचं बिल वाचतानासुद्धा मी पूर्णविराम म्हटला नाही तर ते थांबून राहतात.

यंदा प्रकाशकांनी त्यांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायचं ठरवलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांचं ऐकणार होतं. बाबा पोरासारखे खूश झाले. रोज थोडं थोडं करत आम्ही जुनं पुस्तक वाचत होतो, ते दुरुस्त्या सांगत होते, मी समासात टिपत होते. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. तेवढ्यात ते पाकीट आलं.

पाठवणारी एक तरुण संशोधक मुलगी होती. बाबांचं पुस्तक वाचूनच या विषयाकडे वळलेली. अक्षरातूनही तिची चुळबुळ कळत होती. आई त्या संध्याकाळी बायकांच्या प्रार्थनासभेला गेली होती. मी दिवा ओढून घेतला आणि वाचायला लागले.

एका दुसऱ्याच ग्रंथालयात कायद्याच्या एका जुन्या पुस्तकाची बांधणी उसवली होती, दुरुस्तीला काढलं होतं. पूर्वी बांधणी करणारे पुठ्ठा जाड व्हावा म्हणून आत रद्दी पानं चिकटवायचे. तशी चिकटवलेली पानं सोडवताना एक पान निघालं. अक्षर तेच, ओळींची आखणी तीच. किडीने पाडलेलं भोकसुद्धा बाबांनी वाचलेल्या हस्तलिखिताच्या पानावरच्या भोकाशी तंतोतंत जुळत होतं. बाबांनी पुस्तकात घेतलेल्या उताऱ्याच्या लगेच आधीचं ते पान होतं. खाली तिने त्याचं भाषांतर दिलं होतं.

मी वाचलं. "आता त्यांचं म्हणणं ऐका, स्वल्पविराम, जे लेकरू गमावलेल्या आयांच्या घरी शिरतात आणि पूर्वेकडच्या लोकांच्या नावावर आपल्याच कल्पना विकतात, पूर्णविराम. आधी मी त्यांचं सगळं म्हणणं त्यांच्याच तोंडाने मांडतो, स्वल्पविराम, म्हणजे मी काही लपवलं असं कुणी म्हणणार नाही, अर्धविराम. मग ते मुळापासून उपटतो, पूर्णविराम. ते म्हणतात—"

पान तिथे संपत होतं. पुढचा शब्द बाबांच्या उताऱ्याचा पहिला शब्द होता.

"पुन्हा वाच," बाबा म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. या वेळी विरामचिन्हं म्हणायची राहून गेली आणि त्यांनी टोकलं नाही.

"पूर्वपक्ष," ते म्हणाले. "पूर्वपक्ष होता तो. अगं, जुने लोक असंच लिहायचे. आधी समोरच्याचं मत असं मांडायचं की वाटावं याचंच आहे. मग खोडायचं. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी पहिल्याच तासाला सांगायचो, कोण बोलतंय ते आधी बघा." त्यांनी दोन्ही हात टेबलावर उपडे ठेवले. "आधीचं पान नाही हे मला माहीत होतं. तळटीपसुद्धा दिली होती मी."

"आधीचं पान गहाळ, एवढीच आहे ती," मी म्हणाले. "अगदी बारीक टायपात."

"मग? तळटीप अजून कशी असते?"

मग तेच म्हणाले, "शेवटचं प्रकरण काढायचं. प्रस्तावनेत स्पष्ट लिहायचं की मी चुकलो. लिहून घे."

खरं सांगते, मला त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता. गाजर, कुत्री, कपाटातले पहिलीचे ते इवलेसे बूट जे मला कधी नीट बसलेच नाहीत, या सगळ्यातून माझी सुटका होणार होती. उभा जन्म मी हेच मागत आले. पण माझ्या तोंडून निघालं ते भलतंच.

"नाही, बाबा. आई आहे तोवर नको."

"छापलेली चूक माहीत असून तशीच जाऊ द्यायची? तू म्हणतेस हे? तू तर लोकांच्या पत्रिकेतला काना सोडत नाहीस."

"बाबा, ती जेवायची थांबली होती."

"तेव्हा तरुण होती. आता तिला…" ते अडखळले. "आता तिला तू आहेस की."

"कोण मी?" मी विचारलं. "तिच्या हिशेबात मी कोण आहे ते माहीत आहे ना तुम्हाला? तुम्ही ते प्रकरण काढलंत की मी कोण राहते?"

बाबा माझ्या कानाकडे बघत राहिले. हा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत पडला नव्हता, हे मला स्वच्छ दिसलं. ग्रंथातल्या प्रत्येक ओळीचं पुढे काय झालं हे सांगणारा माणूस, पण त्याच ओळीवर घरात एक पोर वाढली हे त्याच्या ध्यानात नव्हतं. माझा संताप संताप झाला. मी उठून खिडकी उगीचच जोरात लावली.

"मी तिला आधी सांगेन," बाबा म्हणाले. "छापलेलं बाहेरून तिच्या कानावर गेलं तर ते पाप होईल. समितीपुढे मी मान वाकवली नाही, कारण मला ते खरं वाटत होतं. आता खरं नाही हे कळल्यावर गप्प बसलो तर मग तेव्हाही हट्टच केला असं होईल."

त्यांचं बरोबर होतं. मला त्याचाच राग येत होता.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळचा चहा झाला, आई टेबलाशी मटार सोलत बसली आणि बाबांनी तिला सगळं सांगितलं. काही राखलं नाही. पुठ्ठा, पान, किडीचं भोक. पूर्वपक्ष म्हणजे काय तेही, वर्गात सांगायचे तसं नीट समजावून सांगितलं. आईचे हात चालूच होते. शेंग उघडायची, दाणे वाडग्यात, टरफल कागदावर.

"आणि बाकीचं?" तिने विचारलं. "ती जहाजं, ते भिक्खू? आपल्यात आणि त्यांच्यात सारखं आहे म्हणत होता ना तुम्ही?"

"ते आहे. सारखं आहे, पण कुणाचं कुणाकडून आलं ते मला सिद्ध करता येणार नाही. काही आलंही असेल. दृष्टांत आले असतील, उपासाची रीत आली असेल. पण हे, आत्मा परत येतो हे आपल्या लोकांनी मानलं होतं, याला आता आधार नाही. त्याने ते खोडण्यासाठी लिहिलं होतं."

"खोडून काय लिहिलं मग?"

पुढची पानंही बाबांकडे नव्हतीच. पण लेखकाचे बाकीचे ग्रंथ त्यांना पाठ होते. "तो म्हणायचा, जो जातो तो एकदाच जातो."

"माझे बाबा तेच सांगत होते," आई म्हणाली.

तिने उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या. मग वाडगं बाजूला सारलं आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, दुःखानेही नाही. पाहुण्या बाईकडे बघतात तसं, ही कुठल्या नात्यातली असेल याचा अंदाज घेत. माझ्या हनुवटीवर, कपाळावर, हातांवर तिची नजर फिरली. मी म्हणाले, "आई, अगं मीच आहे." किती मूर्खपणाचं वाक्य होतं ते. ती "हो" म्हणाली आणि चष्मा पुसू लागली.

मग ती बाबांना म्हणाली, "म्हणजे ती तिथेच आहे. इतकी वर्षं तिथेच आहे. मी एकदाही गेले नाही हो. मला तिच्याकडे घेऊन चला."

बाबांचा चेहरा उतरला. आदल्या दिवशी पान ऐकतानाही तो इतका उतरला नव्हता.

"काय झालं?" मी विचारलं.

"जागा राहिली नाही," ते म्हणाले.

आमच्या शहरात जागेची टंचाई आहे, मेलेल्यांनासुद्धा. ठरावीक वर्षांनी कबरस्थानातून विचारणा येते, ही जागा पुढे ठेवायची आहे का. घरच्यांनी हो म्हटलं तर ठेवतात. कुणी काही कळवलं नाही, तर ती कबर उकरतात, सापडेल ते भिंतीकडच्या सामाईक खड्ड्यात ठेवतात आणि जागा दुसऱ्याला देतात. आम्हाला विचारणा आली तेव्हा मी शाळेत शिकत होते. तेव्हा आई हसली होती म्हणे. "कुणासाठी ठेवायची? ती तर आत गणितं करत बसलीय."

"ती हसली, विसरून गेली, आणि मी कागद फाडला," बाबा म्हणाले. आता ते माझ्याशी बोलत होते, कारण आईशी बोलायची हिंमत त्यांच्यात उरली नव्हती. "गुपचूप जाऊन राहू द्या म्हणता आलं असतं. एकदा निघालोही होतो. बसच्या थांब्यावर उभा राहिलो आणि वाटलं, मी जागा राखली तर त्याचा अर्थ काय? मी जे लिहिलं, ज्यासाठी वर्ग घालवला, ते मलाच पटत नाही, असाच ना? जो परत आलाय त्याची कबर कोण राखतं? मी घरी आलो."

दुसऱ्या कुणा बापाने असं केलं नसतं. ज्याचा पुनर्जन्मावर भाबडा विश्वास असतो तोही लेकीच्या कबरीवर चार फुलं ठेवतो. तेवढी विसंगती माणसाला चालते. बाबांना चालली नाही. तर्कशुद्ध राहण्यासाठी त्यांनी पोरीची हाडं घालवली.

मला वाटलं, आई आता त्यांना बोलेल, भांडी आपटेल. तिने काही केलं नाही. ती उठली, आत गेली आणि बाहेर जायची चप्पल घालून आली.

"तिथे काही नाही, आई," मी म्हणाले.

"भिंत आहे ना?" ती म्हणाली.

बाबाही उठायला लागले. ती म्हणाली, "तुम्ही बसा." एवढंच म्हणाली, पण ते खरंच खाली बसले आणि आम्ही दाराबाहेर पडेपर्यंत आवाजाच्या दिशेने मान वळवत राहिले.

मी तिच्याबरोबर निघाले. तिने ये म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. बसमध्ये माझ्या शेजारी जागा होती, ती पुढच्या बाकावर बसली. मला तिची पाठ दिसत होती आणि अंबाड्यातून सुटलेली पांढरी बट. एरवी मी ती बट आत खोचली असती. हात पुढे गेला आणि मागे आला. आपण हिचे कोण लागतो हे एका सकाळीत विसरायला होईल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

कबरस्थानाचा रखवालदार कुंपणाची झाडं कापत होता. मी त्याला वर्ष सांगितलं, लहान मुलांचा भाग सांगितला. त्याने कात्री न थांबवता मान हलवली.

"तो भाग तर कधीच नवा झाला, ताई. आता तिकडे मोठी माणसं आहेत. जुनं सगळं भिंतीकडे. एकत्रच असतं ते, वेगळं सांगता यायचं नाही."

"लहान मुलांचं वेगळं नाही?" आईने विचारलं.

"नाही हो, मावशी. लहान मुलांचं फारसं काही राहतच नाही." मग आपण काय बोललो ते त्याला कळलं असावं. त्याने कात्री खाली ठेवली आणि हाताने दाखवलं, "ते, नळाच्या पलीकडे."

नळाच्या पलीकडे सिमेंटचा एक चौथरा होता. त्यावर फुटक्या कुंड्या रचल्या होत्या, एक पाण्याचा पाइप गुंडाळून टाकला होता. पाटी नव्हती, नावं नव्हती. आईने पाइप उचलायचा प्रयत्न केला, जड होता. मी पुढे होऊन तो बाजूला केला, कुंड्या खाली उतरवल्या. तिने पदराने थोडी जागा पुसली. मग एक हात चौथऱ्यावर टेकून ती जमिनीवर बसली. तिने तिची पिशवी न बघताच मागे धरली आणि मी घेतली.

तिने सिमेंटवर तळवा ठेवला होता आणि तो हळूहळू फिरवत होती, तापातल्या पोराच्या पोटावर फिरवतात तसा. मग ती बोलायला लागली. तो आवाज मला ओळखीचा होता. लहानपणी मला झोपवताना ती याच आवाजात बोलायची.

"किती गं एकटी राहिलीस. मी आले नाही. तुला वाटलं असेल, आई विसरली. विसरले नव्हते गं, राणी. रोज तुला न्हाऊ घालत होते, वेणी घालत होते, तुझ्यासाठी जागत होते. सगळं तुझंच होतं. मी ते दुसऱ्याच कुणाला देत बसले. तुझ्या वाटचं सगळं मी त्या दुसरीला देऊन टाकलं. मला क्षमा कर."

मी तिच्या मागे दोन पावलांवर उभी होते. मी आहे हे तिला माहीत होतं, पिशवी तिने माझ्याच हातात दिली होती. तिला मला दुखवायचं नव्हतं. ती माझ्याशी बोलतच नव्हती.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही, कारण बघायला कुणी नव्हतं. निघून जावं असं वाटलं. फाटकापर्यंत गेले असते, बस पकडली असती, कुठेही उतरले असते. पण तिचे गुडघे धरलेले आहेत. खाली बसली की तिला एकटीला उठता येत नाही, कुणाच्या तरी दोन्ही हातांचा आधार लागतो. मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि तिचं बोलणं संपायची वाट बघत उभी राहिले.